अ‍ॅनिमेशनपटांचे जमलेले दुसरे भाग सुचवा (वय वर्षे 7 आणि 11)

नीलपरी_नाशिक
मंडळी, मदत हवी आहे. पोरांना दिवाळीची सुट्टी लागतेय. धाकटा 7, थोरली 11. 'कुंग फू पांडा', 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' आणि 'श्रेक' यांचे पहिले भाग दोघांनी इतक्यांदा बघितलेत की भांडी घासताना संवाद माझ्याही तोंडात येतात. आता पुढचे भाग लाव म्हणून भुणभुण चालू आहे. पण मी एकदा हात पोळून घेतलेत. गेल्या सुट्टीत एका गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग चौघांची तिकिटं काढून बघायला गेलो, तर मध्यंतरात धाकटा म्हणतो, "आई, हा आपण बघितलाय ना?" बघितलेला नव्हता. विनोद तेच, खलनायक तोच, फक्त टोपी बदललेली.
तर खरंच जमलेले दुसरे भाग कोणते? आणि का जमलेत तेही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी मलाच ओळखता येईल. हाताशी तीन रात्री आहेत.

रोटोवाला
गोरेगावात बसून परदेशी सिनेमांतल्या तारा आणि दोऱ्या पुसणं हा माझा धंदा, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलेन.

पहिल्या रात्री 'कुंग फू पांडा 2' (2011), डोळे झाकून. पहिल्या भागात पो या पांडाचा बाप हंस आहे, आणि याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढत नाही. तो विनोदच आहे. आठवा, एका प्रसंगात बाप गंभीर चेहऱ्याने म्हणतो की, तुला फार पूर्वीच सांगायला हवं होतं असं काहीतरी आता सांगतो. आपण श्वास रोखतो, आणि तो सुपाचं गुपित सांगतो! थिएटर फुटलं होतं हसून. दुसऱ्या भागाने नेमका तोच विनोद उचलला. पो खरंच विचारतो, मी आलो कुठून? मग बाप सांगतो की एक दिवस आपल्या नूडल्सच्या दुकानामागे भाजीची क्रेट आली, त्यात मुळे असायला हवे होते, पण मुळे फस्त झालेले आणि आत एक भुकेलं पिल्लू. तो प्रसंग इतका साधा आहे की मी दरवेळी पाणी प्यायला उठतो. पोच्या लहानपणीच्या आठवणी दिग्दर्शक जेनिफर यू नेल्सन यांनी सपाट, हाताने काढल्यासारख्या द्विमितीत दाखवल्यात, म्हणजे वर्तमान गोल-गरगरीत आणि आठवण कागदासारखी. मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही, त्यांना कळतं.

तुम्ही 'का' विचारलंत. माझा निकष एवढाच: पहिल्या भागाने हसून सोडून दिलेली एखादी गोष्ट दुसरा भाग मनावर घेतो का? ड्रॅगनचंच बघा. पहिल्या भागात बाप आपल्या पोराला, म्हणजे नायक हिकपला, शिरस्त्राण देतो आणि वर सांगतो, हे तुझ्या आईच्या चिलखताच्या अर्ध्या भागातून केलंय. पोरगा ओशाळतो, आपण हसतो, आई विषय म्हणून तिथेच संपते. 2014 च्या दुसऱ्या भागात तीच आई जिवंत भेटते, वीस वर्षांनी. नवऱ्यासमोर आल्यावर ती घाबरून स्वतःची बाजू मांडत सुटते, आता हा ओरडणार म्हणून. तो धिप्पाड माणूस काहीच बोलत नाही, नुसता जवळ येतो. अ‍ॅनिमेशनमध्ये पात्राला काही न करू देणं सगळ्यात अवघड, कारण पात्र थांबलं की मेल्यासारखं दिसतं.
शिवाय मधली पाच वर्षं सिनेमाने खरोखर जाऊ दिलीत. हिकप वीस वर्षांचा झालाय. पहिल्या भागाच्या शेवटी गेलेला पाय गेलाच. आता कृत्रिम पायाला चालायला एक टोक, ड्रॅगनवर बसायला दुसरं.

माहेरवाशीण
'श्रेक 2' ला विसरू नका! (2004.) "आणि ते सुखाने नांदू लागले" इथे पहिली गोष्ट संपली, मग दुसरीत काय? सासुरवाडी! जावई पहिल्यांदा सासऱ्याच्या पंगतीला बसतो आणि दोघं ताटातल्या पदार्थांवर राग काढतात, तो प्रसंग बघून आमचे हे इतके हसले की मला संशय आला. यापुढे कुठल्या निकषाची गरज नाही.

गणिताचा_पेपर
रोटोवाला, निकष छान आहे पण पैसा वेगळंच सांगतो. 'मोआना 2' (2024) आधी ओटीटीसाठी मालिका म्हणून बनत होती, मग तिचा सिनेमा केला. ती शिवण दिसतेसुद्धा. नावेवर चढलेली नवी मंडळी एकेका एपिसोडची वाट बघत असल्यासारखी वाटतात. तरी गल्ला 100 कोटी डॉलरच्या वर. मग यशस्वी कशाला म्हणायचं?

रोटोवाला
चाललेला आणि जमलेला यात फरक आहे. पहिल्या आठवड्याची तिकिटं पहिल्या भागाच्या पुण्याईवर खपतात. पण दोन्ही एकदम होऊ शकतं: चीनचा 'न झा 2' (2025). 200 कोटी डॉलरच्या वर कमाई, बहुतेक सगळी चीनमधलीच. पहिला भाग 2019 चा, शेवटी न झा आणि त्याचा मित्र, दोन्ही पोरांची शरीरं नष्ट होतात, आत्मे तेवढे उरतात. दुसऱ्यात जादूने एका चुटकीत सगळं पूर्ववत करता आलं असतं. पण इथे गुरू कमळकाकडीच्या पिठातून शरीरं वळत बसतो, आणि त्यातलं एक टिकतच नाही! मग एकाच शरीरात दोघं. सगळी गंमत त्या अडचणीतून येते. मात्र 144 मिनिटांचा आहे आणि मारामारी अंगावर येणारी. धाकट्यासाठी थांबा.

न्यूजर्सीची_माई
'पुस इन बूट्स: द लास्ट विश' (2022) कुणीच कसा नाही सुचवला? मांजराला नऊ जन्म, त्यातले आठ उधळून झालेत, आता शेवटचा. लांडगा शीळ घालत येतो. माझी नात 8 वर्षांची, ती शीळ ऐकून उशीमागे लपली. पण पुस भीतीने धापा टाकत झाडाखाली बसतो तेव्हा त्याच्यासोबतचं छोटं कुत्रं काही न बोलता त्याच्या पोटावर डोकं ठेवतं, तिथे उशी खाली आली. मारामारीत चित्र मुद्दाम अडखळत चालतं, टीव्ही बिघडला समजू नका. मी समजले होते.

इंद्रजाल_वाचक
थोरलीसाठी स्पायडर-मॅनच्या 'स्पायडर-व्हर्स' अ‍ॅनिमेशनपटांतला 2023 चा दुसरा भाग. त्यातलं मुंबाटन शहर जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या रंगांवरून बेतलंय. आमच्या पिढीने वेताळ ज्या कागदावर वाचला तोच किंचित सरकलेला छापील रंग! भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही. पण गोष्ट ऐन मोक्यावर तोडलीय. "पुढे काय?" याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि ते तुमच्याकडे नसेल.

माहेरवाशीण
@इंद्रजाल_वाचक, म्हणजे तो दीड सिनेमा झाला. तिकीट पूर्ण का घेतात?

नीलपरी_नाशिक
सगळ्यांचे आभार! ठरलं: पांडा, ड्रॅगन, श्रेक. लांडगा पुढच्या वर्षी.
पांडा काल झाला. मुळ्याच्या प्रसंगाला थोरली एकदम गप्प. धाकट्याने सिनेमा थांबवायला लावला आणि विचारलं, "मी कुठल्या क्रेटमधून आलो?" दवाखान्यातून, म्हटलं. हे उत्तर त्याला अजिबात पटलेलं नाही. आज सकाळी टोमॅटोची क्रेट रिकामी करून तो त्यात बसलाय, टोमॅटो ओट्याखाली घरंगळतायत, आणि बाबांनी नूडल्स केल्याशिवाय उठणार नाही म्हणतो.
रोटोवाला, ड्रॅगन आज रात्री लावतेय. त्यात मुलांनी घरी करून बघण्यासारखं काही असेल तर आत्ताच सांगा.

रोटोवाला
मेंढ्या पकडायची शर्यत आहे. उशा उचलून ठेवा.