जुन्या ऑटोफोकस झूम लेन्स: डिजिटलवरची परीक्षा फिल्मला लागू होते का?

रोलवाला
फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी ऑटोफोकस झूम घ्यायची म्हटलं की हल्ली ठरलेला सल्ला मिळतो: आजच्या डिजिटल बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) लावा, चित्र शंभर टक्के मोठं करून कोपरे बघा, मऊ दिसले तर सोडून द्या. या सल्ल्यापायी चांगल्या लेन्स बदनाम होताहेत, असं माझं ठाम मत आहे.

२४ मेगापिक्सेलचं चित्र ६००० पिक्सेल रुंद असतं. इंचाला साधारण ९६ पिक्सेल दाखवणाऱ्या पडद्यावर शंभर टक्के म्हणजे दीड मीटरहून रुंद प्रिंटला नाक लावून बघणं. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट निगेटिव्हच्या जेमतेम सव्वाचारपट असतो. त्यातून सेन्सरपुढे चकचकीत काच असते. तिच्यावरून प्रकाश मागे उसळतो, लेन्सच्या मागच्या काचेवर आदळून परत येतो आणि कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) कमी होतो. फिल्म इतकी चकचकीत नसते, आणि या लेन्सची कोटिंग (काचांवरचा परावर्तन कमी करणारा थर) त्या काळात फिल्म धरूनच केलेली होती.

मिनोल्टाची १९८५ची ७०-२१० मिलिमीटरची एफ/४ झूम घ्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते), जिला सगळे बीअरकॅन म्हणतात. डिजिटलवर पूर्ण उघडी ठेवली की फांद्यांच्या कडांना जांभळी किनार येते, म्हणून तिला नावं ठेवतात. मला तिचे ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) फिल्मवरचे प्रिंट आजही देखणे वाटतात.

तिपाई
साफ असहमत. तुम्ही मॉडेलबद्दल बोलताय, घेणारा मात्र हातातला एक नग घेत असतो. तीसेक वर्षांत तो किती वेळा पडला, कुणी उघडून कसा बसवला, काही कळायला मार्ग नसतो. आतली एक काच किंचित कलली तरी फोटोची एक बाजू मऊ पडते, आणि ती ८ बाय १२च्या प्रिंटमध्येही दिसते. डिजिटलवर हे दहा मिनिटांत कळतं. फिल्मवर रोल संपवा, डेव्हलप करा, आणि मग ठरवा की दोष लेन्सचा, हात हलल्याचा की स्कॅनरचा!

जांभळ्या किनारीचं सोडा. कोपऱ्यात रंग एकमेकांपासून सरकतात ते कृष्णधवल फिल्मवर किनार म्हणून दिसत नाहीत, थेट धूसरपणा होऊन बसतात. डिजिटलमध्ये ते एका क्लिकवर निघतात, डार्करूममध्ये नाही. म्हणजे फिल्म उलट कमी माफ करते.

एफआठ
तिपाईंशी नगाच्या मुद्द्यावर सहमत, पण परीक्षा कसली घेताय? बरेच जण छोट्या सेन्सरच्या बॉडीवर लेन्स लावतात. तिथे फक्त मधला भाग वापरला जातो, कोपरे चौकटीत येतच नाहीत.

आणि आधी टॉर्च वापरा. दोन्ही बाजूंनी, तिरका प्रकाश टाकून. चारदोन धुळीचे कण सोडून द्या. बुरशीचे धागे किंवा दुधाळ थर दिसला तर लेन्स खाली ठेवा. निकॉनची ३५-७० एफ/२.८ दणकट म्हणून नावाजलेली, पण आतल्या काचेवर असा थर धरण्यासाठी तितकीच प्रसिद्ध आहे. नुसत्या मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवणारे इथे फसतात.

अंधारखोली
सगळे काचेवरच अडलेत. अहो, ऑटोफोकस लेन्स आहे ना? मग फोकस अचूक बसतो का, हा निम्मा दर्जा झाला. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) सेन्सरच फोकस ठरवतो, किंवा अॅडॅप्टर लावून हातानेच करावा लागतो. ज्या फिल्म बॉडीवर लेन्स चालणार तिथे ती कुठे थांबते, हे त्यातून कळतच नाही.

निकॉनच्या आणि मिनोल्टाच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर स्क्रूने त्यांना फिरवते. गिअर झिजले की ढिलाई येते. तपासायला रोलही लागत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवा, झूम पूर्ण लांब करा, तीनेक मीटरवरच्या ठळक अक्षरांवर एकदा अनंतापासून आणि एकदा अगदी जवळून फोकस करू द्या. अंतराच्या पट्टीवरची खूण दोन्ही वेळा एकाच जागी थांबायला हवी. सतत पुढेमागे पडत असेल तर काच कितीही उत्तम असो, उपयोग नाही.

इतर कंपन्यांच्या, कॅननच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या (कॅनन माउंटच्या) जुन्या लेन्सही आपल्याच बॉडीवर बघा. काही जुन्या सिग्मा कॅननच्या नव्या ईओएस कॅमेऱ्यांवर पूर्ण उघड्या चालतात, अपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) लहान केलं की एरर येते.

तिपाई
खुणेची परीक्षा उत्तम, ती मान्य. पण कललेली काच त्यात सापडणार नाही. त्यासाठी पूर्ण आकाराचा सेन्सरच हवा: दूरची एकच खूण आधी डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या. दोन्हीकडे सारखी मऊ असेल तर ते डिझाइन, एकीकडेच असेल तर नग बिघडलेला.

रोलवाला
दोष शोधायला डिजिटल वापरा, हरकत नाही. दर्जा ठरवायला नको, यावर मी कायम आहे. त्या चाचण्या एफ/८ला शार्प निघालेल्या लेन्सला डोक्यावर घेतात. संध्याकाळच्या सावलीत ४०० आयएसओला एफ/५.६वर जिथे १/६० सेकंदाचा शटर मिळतो, तिथे एफ/४वर १/१२५ मिळतो. २०० मिलिमीटरला हातात धरून काढताना १/१२५ सुद्धा कमीच, पण १/६०पेक्षा कितीतरी जास्त फ्रेम वाचतात. फिल्ममध्ये आयएसओ मधेच वाढवता येत नाही. म्हणून उघड्या एफ/४ला जरा मऊ असलेली झूम मी एफ/५.६ला सुरू होणाऱ्या शार्प झूमच्या वरच ठेवेन.

तिपाई
तिपाई लावणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. मी एफ/५.६वालीच घेईन.