पाहुण्यांचा माग काढा
नवे पॉडकास्ट शोधायला गेलं की टॉप याद्यांमध्ये तेच ते सापडतं, अशी अनेकांची तक्रार असते आणि ते अगदी खरं. माझा उपाय सोपा आहे: एखाद्या भागात आलेला पाहुणा आवडला की त्याचं नाव पॉडकास्टच्या ॲपमध्ये शोधायचं. तो इतर कुणाकुणाशी बोललाय ते दिसतं आणि एकातून दुसरा पॉडकास्ट हाती लागतो. पहिला भाग मात्र ऐकू नका, सुरुवातीला बहुतेक जण चाचपडत असतात! मधलाच एखादा, आपल्या आवडीच्या विषयाचा उचला. बीबीसीचा 'इन अवर टाइम' १९९८पासून चालू आहे. एक विषय, तीन तज्ज्ञ. गाण्यांचा शौक असेल तर हृषीकेश हिरवेचा 'साँग एक्सप्लोडर' (२०१४पासून). त्यात कलाकार स्वतःच्याच गाण्याचे सुटे भाग करून दाखवतात. हेडफोन लावूनच ऐका.