खुर्चीत बसल्या बसल्या धडधड उतरवायला काय करता?

चुळबुळ: मीटिंगच्या तोंडावर छातीत धडधडतं, पाय थांबत नाही. अटी तीन: वेळ ५ मिनिटं, खुर्चीतून उठायचं नाही, शेजारच्याला कळता कामा नये. सुचवा.

पायपीट: २० मिनिटं झपाझप चाला. बाकी सगळं थातूरमातूर.

चुळबुळ: अहो, अटी वाचा की!

सैलसर: स्नायू आवळून सोडणे. एडमंड जेकबसनची पद्धत, १९२०च्या दशकातली, अजून हिला तोड नाही. अख्खं अंग करायला वेळ लागतो, तुम्ही चारच घ्या: पावलं, मांड्या, मुठी, खांदे. ५-७ सेकंद आवळा, ३० सेकंद सोडा. चारही दोनदा केले तरी पाच मिनिटांत बसतं. जोर निम्म्याहून थोडा जास्त, बास. लोक आवळतात मन लावून आणि सोडणं उरकून टाकतात. खरं काम सोडताना होतं. खांदे खाली आले की मान जड, कोमट वाटते, तिथं लक्ष ठेवा. आणि पायाची बोटं ताणू नका की आखडू नका, गोळा येतो. टाच टेकवून चवडा आपल्याकडे ओढा.

दमसास: एवढा खटाटोप कशाला? मोठे मोठे श्वास घ्या, झालं.

खडूस: हाच सल्ला घात करतो. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास नेहमीएवढाच, फक्त सावकाश. नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. मिनिटाला सहाच होतात. श्वास सोडताना ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब.

सैलसर: सोडणं महत्त्वाचं हे मी आधीच लिहिलंय.

खडूस: तुम्ही स्नायूंचं लिहिलंय. आणि आवळताना श्वास कोंडू नये हे राहिलंच. रक्तदाब वाढतो.

टकटक: फुलपाखरू मिठी! हात छातीवर आडवे, दोन्ही दंडांवर आळीपाळीने सावकाश थापट्या. मेक्सिकोत १९९८ साली वादळग्रस्तांसोबत काम करताना निघालेली. मीटिंगमध्ये दिसेल, तेव्हा टेबलाखाली गुडघ्यांवर करा.

दमसास: सुई बघून भोवळ येते, त्यालाही हेच चालेल का?

खडूस: धागा वेगळा काढा. पण नाही, तिथं उलटं. रक्तदाब पडून भोवळ येते, म्हणून सैल सोडायचंच नाही. हात, पाय, पोट १०-१५ सेकंद आवळा, चेहरा गरम होईपर्यंत. २०-३० सेकंद नुसतं नेहमीसारखं बसा. असं पाचदा.

पायपीट: चालणाऱ्याला भोवळ येत नाही.

चुळबुळ: आभार सगळ्यांचे. मोजायला लागलो की आकडे चुकतात आणि धडधड वाढते, म्हणून मोजणं बाद. बुटातल्या बुटात बोटं आखडायची, सोडायची. कुणाला दिसत नाही.

सैलसर: बोटं आखडू नका म्हटलं होतं ना?

चुळबुळ: आला गोळा.