मदत हवी आहे: इमारतीच्या दारातच सशुल्क पार्किंग आखले आहे, दाद कोणाकडे मागावी?

चिरेबंदी
नमस्कार. आम्ही उत्तर गोव्यातील एका नगरपालिका क्षेत्रात राहतो. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीपुढच्या रस्त्यावर एका रात्रीत पांढरे पट्टे आखले गेले आणि या सोमवारपासून ठेकेदाराचा मुलगा पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहू लागला. चारचाकीला तासाला वीस रुपये, आणि इथल्याच रहिवाशांनी महिन्याला पाचशेचा पास काढावा, असे तो सांगतो. आमच्या आतल्या रस्त्यावरचे दोन दिवे मात्र मे महिन्यापासून बंद आहेत. त्याबद्दल पालिकेत विचारले, तर तो रस्ता ताब्यात घेतलेला नसल्यामुळे दिव्यांची जबाबदारी आमची नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे दिवे लावायच्या वेळी आम्ही परके आणि पैसे घ्यायच्या वेळी घरचे! घरपट्टी आणि कचरा शुल्क दोन्ही भरलेले आहे. या वसुलीला स्थगिती कशी आणावी आणि अर्ज नेमका कोणाच्या नावे लिहावा, एवढेच कृपया सांगावे. चतुर्थीला पाहुणे यायच्या आत हे मिटायला हवे.

तिसवाडीकर
चिरेबंदी बाब, एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. पुढचा रस्ता पालिकेचा आहे की साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा)? आतला रस्ता बिल्डरने पालिकेकडे रीतसर सोपवला होता का? सोसायटी नोंदणीकृत आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इमारतीला स्वतःचे पार्किंग असताना तुमच्या गाड्या बाहेर का लागतात?

हमरस्ता
मला वाटते, सशुल्क पार्किंगला सरसकट विरोध करणे चुकीचे आहे. पणजीत अठरा जून रस्त्यावर मी बारा वर्षे दुकान चालवले. सकाळी साडेआठला दुकानदारांच्याच गाड्या रस्त्याकडेला लागत आणि रात्रीपर्यंत हलत नसत, गिऱ्हाईक मात्र तीन फेऱ्या मारून निघून जाई. सिंगापूरने 1975 मध्ये शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावले, लंडनने 2003 मध्ये तेच केले. सार्वजनिक रस्ता हा कोणाच्या गाडीचा गोठा नव्हे. पाचशे रुपये जड वाटत असतील, तर गाडी ठेवण्याचाच फेरविचार करावा.

चिरेबंदी
हमरस्ता, मी सिंगापूरबद्दल विचारलेले नाही. तिथे गाडी घरी ठेवून निघालो तर स्टॉपवर बस येते. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातनंतर खाजगी बस मिळाली तर ते नशीब समजायचे.
तिसवाडीकर, सोसायटी नोंदणीकृत आहे, पण ती केवळ देखभालीची आहे. रस्ता कोणाचा हे मला माहीत नाही. पावतीवर पालिकेचे नाव आहे, त्यामुळे तो पालिकेचाच असावा. गाड्या बाहेर लागतात, कारण स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, जागा उरलेली नाही.

तिसवाडीकर
जागा उरलेली नाही म्हणजे काय झाले? तिथे काय आहे?

चिरेबंदी
दोन दुकाने आणि एका टाइलवाल्याचे गोदाम. आम्ही राहायला आलो तेव्हापासून आहेत. पण माझा प्रश्न रस्त्यावरच्या पट्ट्यांचा आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

निवृत्त_लेखनिक
दोन्ही प्रश्न एकच आहेत, ते पुढे पाहू. आधी अर्जाचे.
पालिकेने ठराव घेतला म्हणून रस्त्याचा तुकडा लगेच वाहनतळ होत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 117 नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, त्या क्षेत्रातील स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो. आपल्याकडे अशा अधिसूचना सामान्यतः जिल्हाधिकारी काढतात. शुल्क घेण्याचा भाग वेगळा असून त्याला गोवा नगरपालिका कायदा, 1968 खालील आधार दाखवता आला पाहिजे. उपविधी केला असेल, तर त्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झालेला असला पाहिजे. राजपत्र दर गुरुवारी निघते आणि मागचे अंक घरबसल्या पाहता येतात, तेव्हा गेल्या दोन वर्षांचे अंक चाळण्यात एक संध्याकाळ घालवावी.
त्याच वेळी माहिती हक्काखाली दहा रुपये भरून चार कागदांच्या प्रती मागाव्यात: पालिका मंडळाचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना, ठेकेदाराशी केलेला करार आणि त्याला जोडलेला जागेचा नकाशा. अर्जात ‘का’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नये. पालिकेने असे का केले, असे विचारलेत तर ही माहिती अभिलेखात नाही, एवढेच उत्तर येते. आमच्या टेबलावर आलेले निम्मे अर्ज याच शब्दाने वाया गेलेले मी पाहिले आहेत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे चतुर्थीपूर्वी ते मिळेलच याची खात्री देत नाही. ठरावाला स्थगिती हवी असल्यास नगरपालिका प्रशासनाच्या संचालकांकडे निवेदन द्यावे आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी.

शेळ_मेळावली_वाट
एवढे कागद कशाला? ग्रामसभेत उभे राहून विचारावे. आमच्या पंचायतीत कचरा शेडचा विषय असाच आला होता. रविवारी दीडशे माणसे जमली, सरपंचांना उत्तर द्यावेच लागले आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले.

निवृत्त_लेखनिक
ते पालिका क्षेत्रात राहतात, तिथे ग्रामसभा नसते. शहरांसाठी घटनेच्या कलम 243 एस मध्ये प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या संस्थांनाच बंधनकारक आहेत. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, त्यामुळे आपल्या एकाही पालिकेला ती अट लागू होत नाही. परिणामी शहरात गेलेल्या गोवेकराच्या हाती गावातल्यापेक्षा एक हत्यार कमीच राहते, आणि ही गोष्ट घर घेताना कोणी सांगत नाही.

दुसरा_मजला
स्टिल्टबद्दल कोणी का बोलत नाही? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे की, स्टिल्टमधील पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सर्वांच्या सामाईक वापराची असते. त्या दुकानांना आधी नोटीस पाठवा, गाड्या आत येतील आणि पट्ट्यांचा प्रश्न आपोआप संपेल.

तिसवाडीकर
तो निकाल महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका कायद्यावर आधारलेला आहे आणि तो कायदा गोव्यात नाही. इथे बहुतेक ठिकाणी विक्रीखतातच सदनिकेसोबत जमिनीतील अविभाजित हिस्सा दिलेला असतो, त्यामुळे वाद त्या खताच्या शब्दांवर आणि मंजूर आराखड्यावर चालतो. आराखड्यात स्टिल्ट पार्किंग म्हणून दाखवलेले असेल आणि तिथे दुकाने असतील, तर त्या दुकानांना व्यापार परवाना कोणी दिला, हा प्रश्न पालिकेलाच विचारावा लागेल. शुल्क लावणाऱ्या कार्यालयानेच आतली जागा बंद होऊ दिली असेल, तर निवेदनात पहिला मुद्दा तो हवा.

दुसरा_मजला
गोव्यात तो कायदा नाही म्हणून न्यायालयाचे तत्त्व बदलते का? पाच इमारतींचा सचिव राहिलेला माणूस सांगतोय.

तिसवाडीकर
तत्त्व बदलत नाही, पण अर्जात चुकीचा कायदा लिहिला, तर समोरचा माणूस त्याच एका ओळीवर बोट ठेवून बाकीचे सगळे बाजूला सारतो. माझ्याच अर्जाचे तसे झाले होते, म्हणून सांगतो.

अबोली_फाती
निवेदन मराठीतून द्यावे, ही विनंती. 1987 च्या राजभाषा कायद्यात राजभाषा कोकणी असली, तरी शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद आहे. आपणच इंग्रजीत लिहिले, तर मराठीत उत्तर कोण देणार?

हमरस्ता
इंग्रजीत लिहा, काम लवकर होईल.

निवृत्त_लेखनिक
कोणत्याही भाषेत लिहा, पण आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोचप्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आता मघाचे राहिलेले सांगतो. चिरेबंदी, तुमच्या जागेचा सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (मालकीच्या नोंदीचा उतारा) आणि नकाशा काढा. पी. टी. शीट (नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक) आणि चलता क्रमांक (त्या पत्रकातील तुमच्या जागेचा क्रमांक) घरपट्टीच्या जुन्या पावतीवर नसला, तरी विक्रीखताच्या परिशिष्टात सापडेल. मग टेप घेऊन खाली उतरा आणि ते पट्टे रस्त्यावरच आहेत, की कुठे तुमच्या हद्दीतही आले आहेत, ते मोजा.

चिरेबंदी (चार दिवसांनी)
मोजले. आधी सांगायला हवे होते, पण मला ते महत्त्वाचे वाटले नव्हते: इमारत बांधताना पुढचे चिऱ्यांचे कुंपण मूळ हद्दीपासून दोन मीटर आत घेतले होते. नकाशाप्रमाणे त्या दोन मीटरांची पट्टी अजून आमच्याच चलता क्रमांकात आहे. पांढरा पट्टा आमच्या गटाराच्या झाकणावरून, झाकणाच्या लोखंडी कडीसकट रंगवून, पुढे गेलेला आहे. त्या गटारातला गाळ आम्ही दरवर्षी पावसाआधी स्वखर्चाने काढतो. ठेकेदाराच्या मुलाला नकाशा दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि म्हणाला, “काका, मला रोज संध्याकाळी हिशेब द्यावा लागतो, ही रेघ मी मारलेली नाही.” त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.
मंजूर आराखड्यात स्टिल्टमध्ये नऊ गाड्यांची जागा दाखवली आहे. बांधकाम परवान्याच्या अटींत पुढच्या पट्टीबद्दल ‘रस्ता रुंदीकरणासाठी सोडलेली जागा’ असे शब्द आहेत. याचा अर्थ ती पालिकेची झाली का?

तिसवाडीकर
सोडलेली आणि दिलेली यांत फरक आहे. कुंपण मागे घेण्याची अट पाळली, एवढ्याने मालकी बदलत नाही. त्यासाठी दानपत्र नोंदवलेले किंवा भूसंपादन झालेले असायला हवे. उपनिबंधकाच्या कार्यालयात शोध घ्या. दानपत्र निघाले नाही, तर त्या पट्टीवर वसुलीचा अधिकार कोणत्या दस्तऐवजाने मिळाला, हे पालिकेने दाखवावे. मात्र त्या जागेवर तुम्हीही पुन्हा कुंपण घालू नका, परवान्याची अट मोडल्याचे निमित्त मिळेल.

हमरस्ता
ही माहिती सुरुवातीला दिली असती, तर मी वेगळे लिहिले असते. रस्त्यावरच्या शुल्काबद्दल माझे मत तेच आहे, पण दुसऱ्याच्या गटारावर शुल्क हे मलाही पटत नाही.

चिरेबंदी
तोवर पास काढावा का? शेजारच्या काकूंनी भीतीपोटी काढला.

निवृत्त_लेखनिक
पास काढू नये, कारण त्यासाठीच्या अर्जावर ती जागा पार्किंगची असल्याचे तुम्हीच मान्य करून सही कराल. गाडी अडवली आणि पैसे द्यावेच लागले, तर तासाचे द्या, पावती घ्या, तिच्या मागे ‘हरकत नोंदवून भरले’ असे लिहून तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. काकूंच्या पासची झेरॉक्सही जोडा. त्यावर जागेचे वर्णन काय लिहिले आहे, ते आधी मला कळवा.

चिरेबंदी
आत्ताच जाऊन पाहिले. वर्णनाच्या रकान्यात आमच्या इमारतीचे नाव आहे आणि पुढे ‘समोरील मोकळी जागा’ असे लिहिले आहे. रस्ता हा शब्दच नाही. सोमवारी निवेदन देतो, दिव्यांचा मुद्दा त्यातच घेतो.