मदत हवी आहे: १.३ लिटरची एस्टीम ताशी २०० ला न्यायची आहे. ताकद वाढवू की हवेचा अडथळा कमी करू?

वर्तकनगर

नमस्कार मंडळी,

थेट प्रश्नावर येतो. जुनी मारुती एस्टीम आहे, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. वागळे इस्टेटमध्ये मित्राचं गॅरेज आहे, तिथे आम्ही तिघेजण मिळून ती एकाच कामासाठी बांधतोय: बंद, सरळ ट्रॅकवर ताशी २०० किमी. नवी मुंबईत रोलिंग रोड डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) चढवली तेव्हा चाकांपाशी ८४ बीएचपी मिळाले. माझ्या हिशेबाने २०० साठी ९२ लागतात. हे उरलेले ८ इंजिनातून काढायचे की गाडीलाच हवेतून सहज सरकेल अशी करायची, यावर आमच्यात एकमत होत नाहीये.

हिशेब मांडतो, कुठे गडबड असेल तर सांगा. गाडीची रुंदी १५७५ मिमी, उंची १३९५ मिमी. कोपरे वजा करून समोरचं क्षेत्रफळ १.८२ चौरस मीटर धरलं. ड्रॅग कोइफिशंट (गाडीचा आकार हवेला किती अडवतो त्याचा आकडा) ०.३४, हा निव्वळ अंदाज. ठाण्याच्या उकाड्यात हवेची घनता १.१५. ताशी २०० म्हणजे सेकंदाला ५५.५ मीटर. त्या वेगाला नुसती हवा बाजूला सारायला सुमारे ६१ किलोवॉट लागतात, टायरच्या घर्षणाला आणखी ७. एकूण ६८ किलोवॉट, म्हणजे साधारण ९२ बीएचपी. हवेवर खर्च होणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून हाच हिशेब २२० साठी केला तर आकडा थेट १२० वर जातो. आत्ताच्या ८४ बीएचपीत गाडी १९४ च्या आसपास अडकेल. आणि हवेचा अडथळा साडेनऊ टक्क्यांनी कमी करता आला, तर इंजिनाला हात न लावता २०० येतात.

इंजिनात आतापर्यंत केलेलं काम: हेडचं पोर्टिंग, कॉम्प्रेशन १०.२, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा वरचा, फोर-इन्टू-वन एक्झॉस्ट, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक). यापुढे जायचं तर मोठा कॅम आणि चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी लागतील. खर्च मोठा, आणि इंजिन सात हजारांच्या वर फिरवावं लागेल. कमाल वेगाच्या गाडीला फुल थ्रॉटलवर मिनिटभर सलग राहावं लागतं, त्यामुळे मला ती वाट नकोशी वाटते. मित्राचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या मते पत्रे चिकटवून आठ बीएचपी वाचतात हे कागदावरच खरं.

गिअरचं असं आहे. जॅकवर चढवून चाक आणि पुली हाताने फिरवून मोजलं. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन चौथ्यात ३.७५ फेरे घेतं, पाचव्यात ३.१. टायर १७५/७० आर १३, वजनाखाली एका फेऱ्यात १.७५ मीटर जातो. म्हणजे २०० ला चौथ्यात ७१४० आरपीएम होतात आणि पाचव्यात ५९००. डायनोवर ताकदीचं टोक ६३०० ला आहे. चौथा आधीच संपतो, पाचव्यात टोक गाठता येत नाही. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकांमधली शेवटची गिअरजोडी) बदलावा का? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने गिअरबॉक्स मिळतात, पण आत काय निघेल याचा भरवसा नाही.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर इंजिनाच्या आकारानुसार वर्ग असतात. एक ते दीड लिटरच्या गाड्या एच वर्गात मोडतात, म्हणजे आमच्यासारख्या छोट्या इंजिनालाही तिथे स्वतःची जागा आहे. बर्ट मनरो या न्यूझीलंडच्या गृहस्थांनी १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं सुधारून १९६७ साली तिथे १००० सीसीखालच्या वर्गात विक्रम केला. पिस्टनसुद्धा ते घरीच ओतायचे. पैशापेक्षा चिकाटीला मान देणारा मोटरस्पोर्टचा हा एक प्रकार मला मनापासून आवडतो, आणि आपल्याकडे तो कोणीतरी गंभीरपणे करावा असं वाटतं.

एक विनंती. पामबीच रोड किंवा अटल सेतू कृपया कोणी सुचवू नका. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी एक मीटरही चालणार नाही, फ्लॅटबेडवरूनच जाईल-येईल.

---

तुर्भेकर

हिशेब बरोबर आहे, पण त्याचा सगळा डोलारा ०.३४ वर उभा आहे. तो ०.३७ निघाला तर तुम्हाला जवळपास १०० बीएचपी लागतील. आधी मोजा, मग वाद घाला.

कोस्ट-डाउन करा. बंद सपाट ट्रॅकवर १२५ पर्यंत जाऊन न्यूट्रल करायचं आणि १२० वरून १०० ला यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. मग तसंच ६० वरून ४०. दोन्ही दिशांनी करा म्हणजे वारा आणि उतार वजा होतो. वरच्या वेगात हवा जास्त बोलते आणि खालच्या वेगात टायर, त्यामुळे दोन्हींचा वाटा वेगळा काढता येतो. चालकासह वजन ९५० किलो धरलं आणि तुमचा अंदाज खरा असेल, तर १२० ते १०० ला सुमारे १२ सेकंद लागायला हवेत. दहाच लागले तर गाडी जास्त अडखळतेय. प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी करा, मित्राची शंका आपोआप मिटेल.

बदलांचा क्रम विचाराल तर मी पोटापासून सुरू करेन. एस्टीमच्या खाली एक्झॉस्ट, टाकी, सस्पेन्शन सगळं उघडं आहे आणि हवा तिथेच घुसळली जाते. पुढे खाली एअर डॅम (बंपरखाली हवा अडवणारी आडवी पट्टी) आणि इंजिनाखाली सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. एक्झॉस्टच्या आसपास पत्रा बंद करू नका, उष्णता बाहेर पडायला वाट ठेवा. ग्रिल अर्धी झाका, पण रेडिएटरला मिळणारी हवा दुसरीकडून निसटू नये म्हणून बाजूच्या फटी फोमने बंद करा. मग छोटं तोंडही पुरतं. चाकांवर गुळगुळीत चकत्या, आरसे काढलेले, बॉनेट आणि हेडलाइटच्या फटींवर टेप. गाडी पुढून थोडी जास्त खाली बसवा. नाक वर राहिलं तर १८० नंतर स्टिअरिंग हलकं लागतं, आणि ते भीतीदायक असतं.

---

गिअरवेडा

वर्तकनगर, फायनल ड्राइव्हचा विचार थांबवा, आधी धावपट्टीची लांबी सांगा. त्याशिवाय गिअरचं उत्तर देता येत नाही.

आपल्याकडे हौशी लोकांना जे मिळतं ते आंबी व्हॅलीसारख्या हवाई पट्टीवरचं ड्रॅग, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. समजा अर्धा मैल, ८०५ मीटर मिळाले. ८४ बीएचपी आणि ९५० किलोला तिथे ताशी १६० च्या आसपास वेग दिसेल. चौथा गिअरसुद्धा पूर्ण वापरला जाणार नाही. जसजसे कमाल वेगाच्या जवळ जाता तसतशी शिल्लक ताकद शून्याकडे जाते आणि शेवटच्या पाच किमीला सगळ्यात जास्त रस्ता लागतो. बॉनव्हिलला लांब ट्रॅक पाच मैलांचा असतो तो म्हणूनच. शिवाय ९२ बीएचपी म्हणजे २०० ला शिल्लक शून्य. खरोखर २०० दिसायला हवेत तर थोडा जास्तीचा हात ठेवा.

तुम्हाला हवी ती जागा मध्य प्रदेशात पीथमपूरला आहे, नॅट्रॅक्स. ११.३ किमीचा हायस्पीड ओव्हल, २०२१ मध्ये सुरू झाला. मुळात कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, त्यामुळे क्लबमार्फत किंवा इतर दोन-तीन संघांसोबत भाडं वाटून घ्यावं लागेल. तिथे लांबी हा प्रश्नच उरत नाही.

त्या हिशेबाने गिअर बघा. ६३०० ला २०० यायला चाकाच्या एका फेऱ्याला ३.३१ हवेत, तुमच्याकडे ३.१ आहेत. गिअरबॉक्स उघडूच नका. १७५/६० आर १३ टायर मिळाले तर एक फेरा सुमारे १.६४ मीटरचा होतो आणि गणित जुळतं. वर गाडी १७ मिमी खाली बसते, ते फुकटात.

टायरवरचं वेगाचं अक्षर मात्र बघा. एस म्हणजे १८०, टी १९०, एच २१०. एचच्या खालचा टायर तुमच्यासाठी बाद. बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, जुना साठा घेऊ नका. नक्षी कितीही नवी दिसली तरी.

---

खारेगाव

कच्छच्या रणात का नाही करत? ते तर ठाण्याहून एका दिवसाच्या अंतरावर आहे. मीठच मीठ.

---

वर्तकनगर

@खारेगाव, आमच्याही मनात आलं होतं. छोटं रण हे रानगाढवांचं अभयारण्य आहे आणि मोठ्या रणाला सीमा लागून आहे. परवानगी बाजूला ठेवली तरी तिथला मिठाचा थर पातळ असतो आणि खाली चिखल. वरून टणक दिसतो, पण चाक रुतलं तर त्या वेगात काय होईल याची कल्पना करवत नाही. बॉनव्हिललाही मीठ ओलं किंवा खराब असल्याने २०१४ आणि २०१५ ची स्पीड वीक (तिथली वार्षिक वेगस्पर्धा) रद्द झाली होती.

@गिअरवेडा, टायरचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार. मित्रानेही वाचलं आणि गिअरबॉक्सचा विषय तिथेच बंद केला.

इंजिनाबद्दल कोणी सांगेल का? डायनोवर फुल थ्रॉटलला मिश्रण १२.८ (वजनाने एक भाग पेट्रोलला १२.८ भाग हवा) ठेवलंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याने हा आकडा बदलतो का?

---

ऐरोलीचा ट्यूनर

बदलतो, आणि म्हणूनच १२.८ वगैरे बोलणं सोडून लॅम्डात बोला, म्हणजे प्रत्यक्ष मिश्रणाला पूर्ण ज्वलनाच्या मिश्रणाने भागून. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ लागतात, २० टक्के इथेनॉलला साधारण १३.५. मीटर पेट्रोलच्या मोजपट्टीवर असेल तर तुमचे १२.८ म्हणजे लॅम्डा ०.८७. डायनोसाठी ठीक आहे. पण डायनोचा एक पुल, म्हणजे फुल थ्रॉटलची एक चाचणी, दहा-पंधरा सेकंदांचा असतो, त्यात पिस्टनचा माथा पूर्ण तापतच नाही. तुम्ही मिनिटभर धरणार आहात. ०.८५ वर जा, इग्निशन डायनोवरच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा दोन अंश मागे घ्या आणि प्लग एक पायरी थंड वापरा. दोन-तीन बीएचपी जातील. जाऊ द्या, इंजिन परत येईल.

इथेनॉल जास्त लागतं म्हणून इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे आहेत ते लॉगमध्ये बघा. ८५ च्या वर असतील तर मोठे घ्या. ट्यूनिंग ज्या पेट्रोलवर करता तेच कॅनमध्ये भरून ट्रॅकवर न्या.

उंचीची काळजी मात्र करू नका. विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद कमी होते, पण हवेचा अडथळाही त्याच प्रमाणात कमी होतो. कमाल वेग जवळजवळ तिथेच राहतो. ठाण्याच्या आणि पीथमपूरच्या आकड्यांत फार फरक पडणार नाही.

---

रबाळे एमआयडीसी

सगळ्यांनी वेगाचं सांगितलं, केजचं कोणीच विचारलं नाही. मी फॅब्रिकेशनमध्ये आहे म्हणून कळकळीने लिहिते.

दादा, रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आहे का? असेल तर नळी कोणती? वागळेत किंवा रबाळ्यात विचारलंत तर निम्मे लोक ईआरडब्ल्यू पाइप लावून देतील, म्हणजे पट्टी वाकवून शिवण मारलेला. तो नको. कोल्ड ड्रॉन सीमलेस घ्या आणि दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात मुख्य कमान कमीत कमी ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमीची आणि २ मिमी जाडीची लागते. बाकीच्या नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. वाकवताना नळी चपटी झाली, सुरकुती पडली तर तो तुकडा फेकून द्या. जुन्या एस्टीमचा फ्लोअर आपल्या पावसाने सडलेला असतो, केजचे पाय जिथे बसतात तिथला पत्रा आधी ठोकून बघा. सडक्या पत्र्यावर कितीही सुंदर वेल्ड केलं तरी अपघातात पाय खाली घुसतो.

सीट, हार्नेस, अग्निशामक, बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा मेन स्विच, हे सगळं ८ बीएचपीच्या आधी. आणि एफएमएससीआयचे (भारतातली मोटरस्पोर्ट संघटना) सध्याचे नियम वाचून मगच नळी कापा, नाहीतर तपासणीत केज नापास होईल आणि सगळं परत उघडावं लागेल.

---

वर्तकनगर

ताई, केजची मुख्य कमान बसवली आहे, सीमलेस ४५ बाय २.५, सर्टिफिकेट आहे. पुढचे पाय अजून बाकी आहेत, फ्लोअर उद्याच ठोकून बघतो.

आमचं आता असं ठरतंय. पावसाळ्यात केज आणि पोटाचा पत्रा पूर्ण करायचा, इंजिन आहे तसंच ठेवून लॅम्डा ०.८५ ला न्यायचं. दिवाळीनंतर कोस्ट-डाउन, आधी उघड्या पोटाने, मग पत्रा लावून. आकडे याच धाग्यात टाकेन, चांगले आले नाहीत तरी टाकेन, कारण एस्टीमचे असे मोजलेले आकडे मला कुठेच सापडले नाहीत.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. तेरा इंची रिमवर बोल्टने पक्क्या बसतील अशा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या स्पिनिंग करून देणारं कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात माहीत आहे का? चारच नग हवेत, बहुतेक जण शंभराच्या खाली काम घेत नाहीत. आणि पीथमपूरचं भाडं वाटून घ्यायला तयार असलेला एखादा संघ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडी कोणतीही चालेल.