मदत हवी आहे: लिंकन गुलामगिरी मोडणार नव्हता, मग दक्षिण फुटली का?

ओहायोकर:
पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या वाचनगटात अमेरिकन यादवीवर बोलायचं आहे. एका ठिकाणी गाडी अडली आहे. मार्च १८६१ मध्ये शपथ घेताना लिंकन स्पष्ट सांगतो की जिथे गुलामगिरी आहे तिथे ती मोडायचा माझा इरादा नाही. तोवर सात राज्यं बाहेर पडली होती! जे जाणारच नव्हतं त्यासाठी एवढं रक्त कशाला? गटातले एक काका म्हणतात, भांडण जकातीचं आणि राज्यांच्या हक्कांचं होतं, गुलामगिरी मागून चिकटवली. त्यांना काय सांगू?

जुनी वही:
पश्चिमेच्या जमिनीकडे बघा. नवं राज्य गुलामांचं की मुक्त, यावर सिनेटमधलं (अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहातलं) बळ ठरायचं. १८२० च्या तडजोडीने मिसूरी गुलामांचं आणि मेन मुक्त असं जोडीने आत घेऊन तोल सांभाळला. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखाने तो बिघडला आणि १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं. १८५४ च्या कायद्याने ठरवलं की कॅन्सस-नेब्रास्कात तिथल्याच लोकांनी निर्णय घ्यावा. झालं, दोन्हीकडची माणसं बंदुका घेऊन कॅन्ससमध्ये राहायला आली. १८५६ मध्ये दक्षिण कॅरोलिनाचा खासदार ब्रूक्स याने सिनेटच्या सभागृहातच गुलामगिरीविरोधी सिनेटर समनरना काठीने रक्तबंबाळ केलं, आणि दक्षिणेतून त्याला कौतुकाने नव्या काठ्या आल्या. मला विचाराल तर देश मनातून तिथेच फुटला.

पुढच्याच वर्षी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी घालायचा काँग्रेसला (अमेरिकन संसदेला) अधिकारच नाही. लिंकनचा पक्ष तर नेमका ती बंदी घालायला उभा राहिलेला. म्हणजे आहे ती राहील, पण पसरणार नाही. पुढची सगळी राज्यं मुक्त आली की एक दिवस घटनादुरुस्तीएवढी संख्या होईल, हे दक्षिणेला कळत होतं. शिवाय हा माणूस दक्षिणेच्या मतांशिवाय निवडून आला होता. त्यांची खरी धास्ती ही.

रानवाट:
काकांना दक्षिण कॅरोलिनाचा डिसेंबर १८६० चा जाहीरनामा वाचायला द्या. उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, ही त्यातली मोठी तक्रार. म्हणजे राज्यांचे हक्क उत्तरेने वापरले की चालत नव्हते. मिसिसिपीने तर सुरुवातीलाच आपली बाजू गुलामगिरीशी एकरूप असल्याचं लिहून टाकलंय. आणि जकात १८५७ मध्ये उलट कमी झाली होती.

मंडळात बोलणार असाल तर मुंबई विसरू नका. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या, मुंबईत पैशाला पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदांसकट सगळे आपटले.

ओहायोकर:
दोघांचेही आभार, बरंच सुटलं. एकच शेवटचं: दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच ना? मग ते का लढले?

जुनी वही:
एकच कारण नाही. १८६० च्या जनगणनेत गुलाम जवळपास ४० लाख, दक्षिण कॅरोलिना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या त्यांचीच. ते सुटले तर आपण त्यांच्या बरोबरीला येऊ, ही भीती गरीब गोऱ्यालाही होती आणि पुढारी ती वाढवत होते. काही जण शत्रूचं सैन्य दारात आलं म्हणून लढले, तर १८६२ पासून सक्तीची भरतीच होती. त्यातून २० गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला सूट मिळाली, तेव्हा युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं गरिबांनी, अशी कुरकुर खुद्द दक्षिणेच्या फौजेत सुरू झाली.