मदत हवी आहे: अफ्येह (नुबिया) इथल्या उत्खननातली खापरं भारतात कुठे पाहता येतील?

नमस्कार मंडळी. विदर्भातल्या महापाषाणीय (मोठे दगड रचून केलेल्या दफनांच्या) स्थळांवरची, मुख्यतः नागपूरजवळच्या माहूरझरीची, काळी-तांबडी मृद्भांडी हा माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेचा विषय आहे.

इजिप्तमधल्या आस्वानच्या नव्या धरणात नुबिया (दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधला नाईलकाठचा प्रदेश) बुडणार म्हणून युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली. त्यानंतर बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक तिकडे गेलं आणि अफ्येह इथे सी-समूहाच्या (प्राचीन नुबियातल्या एका संस्कृतीच्या) लोकांची दफनभूमी खणली. ती जागा आता नासर सरोवराखाली आहे, त्यामुळे वर काढलेली खापरं हाच काय तो पुरावा उरला.

अशीच काळी-तांबडी भांडी सी-समूहाकडेही होती, पण दोन संस्कृतींचा संबंध जोडायचा नाही. सी-समूह साधारण इ.स.पू. २३०० ते १५००, आपली महापाषाणीय स्थळं त्यानंतरची. प्रश्न फक्त भाजणीचा आहे. भांडं पालथं ठेवून तोंडाकडची हवा तोडली की काठ आणि आतली बाजू काळी होते, बाहेरचं बाकी अंग तांबडं राहतं. दोन्हीकडे हेच तंत्र होतं का, ते फोटोवरून ठरत नाही. तुटलेली कड भिंगाखाली पाहावी लागते.

छापील वृत्तांत वाचून झाले, त्यात खापरं कुठे ठेवली याचा उल्लेख सापडला नाही. पत्रांना उत्तर नाही. इजिप्तला जाण्याइतके पैसे नाहीत, आणि सुदानमधलं खार्तुमचं राष्ट्रीय संग्रहालय युद्धात लुटलं गेलं आहे.

अफ्येहची खापरं भारतातल्या कुठल्या संग्रहात कोणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का? आणि विद्यार्थ्याला ती हाताळायला मिळावीत म्हणून अर्ज नेमका कोणाकडे करायचा?